अर्ध्यावर अडकलेले शटर

मी एक जुने लोखंडी शटर आहे. मित्रांनो, एवढ्यावरच तोंड वाकडे करू नका. दारांवर घंटा असते, खिडक्यांना पडदे असतात, आमच्या वाट्याला मात्र कुलूप आणि धूळ. तरीही माझ्या आयुष्यात जे घडले, ते चांगल्या सागवानी दरवाजांच्याही आयुष्यात घडत नाही.

पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून एका कारखान्यात मला घडवले. आत जाड स्प्रिंगा घातल्या, वरून हिरवा रंग दिला. मला विकत घेतले ते गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी. नव्या गॅरेजला मला बसवले त्या दिवशी त्यांनी मला एका हाताने वर ढकलले आणि म्हणाले, "वा! काय लोण्यासारखं सरकतंय!" त्या कौतुकावर मी पुढे कित्येक वर्षे काढली, कारण वंगण काही मिळाले नाही.

गॅरेज चांगले लांबलचक होते. पुढच्या भागात मास्तरांची शिकवणीची छोटी गाडी आणि मागच्या भागात अडगळ. फुटक्या बादल्या, बिनदांड्याच्या छत्र्या, एका बाजूला पाय असलेली शिडी. मास्तर प्रत्येक वस्तूबद्दल म्हणत, "लागेल कधीतरी." त्यांची आई, म्हणजे आमची आजी, म्हणे, "या घरात मोडलेलं काही फेकत नाहीत. गॅरेजात राहायला पाठवतात."

मास्तरांची बायको समुपदेशक होती. भांडणाऱ्या नवराबायकोंना शांतपणे समजावायचे, हे बाईंचे काम. ते त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फोनवरून करत. पण पलीकडचे माणूस रडवेले होऊन काही सांगू लागले, की आजी चुलीपासून ओरडे, "तिला म्हणावं, आधी जेवून घे! उपाशीपोटी निर्णय घेऊ नये!"

शेवटी बाई मास्तरांना म्हणाल्या, "मला गॅरेजचा मागचा भाग द्या. तिथे ऑफिस करते."

"मग अडगळ कुठे जाईल?"

"अडगळ किंवा मी. दोघींपैकी एकीला ठेवा."

मास्तरांनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला. बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले तेव्हा कुठे ते घाईघाईने म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत बघू. माणसं आली नाहीत, तर सामान परत आत."

मग अडगळ अंगणात ताडपत्रीखाली गेली आणि सुतार आला. त्याने मध्ये प्लायवूडची भिंत उभी केली, तिला दार बसवले, मागे खिडकी काढली. फिकट निळा रंग झाला, तीन खुर्च्या आल्या. सुताराने विचारले, "येणाऱ्यांसाठी बाजूने वेगळा दरवाजा काढू का?"

"कशाला? शटर आहे की!" मास्तर म्हणाले.

इथेच माशी शिंकली. तोवर माझ्या अंगाला इतका गंज चढला होता, की मी वर जाताना खिळ्यांचे पिंप जिन्यावरून गडगडत गेल्यासारखा आवाज होई. मास्तरांना तर दिवसातून चार-पाच वेळा गाडी काढावी लागे. आत बाई फोनवर हळुवारपणे सांगत, "डोळे मिटा. शांत पाण्याचा विचार करा…" आणि खडाड खड खड!

"अहो ताई, काय कोसळलं?" पलीकडून घाबरलेला आवाज येई.

"काही नाही. आमचे मिस्टर निघालेत."

लोकांचे फोन कमी होऊ लागले. बाई संतापल्या. "हे शटर तरी गप्प करा, नाहीतर भंगारात द्या!"

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगा थरथरल्या. तेलाच्या दोन थेंबांनी माझे दुखणे गेले असते. पण मास्तरांनी अडगळीतून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खाचांत कोंबल्या. "बघ, लागलीच ना कधीतरी!" ते बाईंना म्हणाले. दोन दिवस माझा आवाज बंद झाला. घरात आनंदीआनंद आणि इकडे माझा जीव गुदमरत होता.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात पहिल्यांदाच एक जोडपे प्रत्यक्ष आले. टाय लावलेले जाडजूड गृहस्थ आणि जांभळी पर्स घेतलेल्या त्यांच्या पत्नी. गृहस्थ पोट आत ओढून गाडीच्या बाजूने सरकले आणि अख्ख्या गाडीची धूळ शर्टाला लावून पलीकडे निघाले. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून बाईंनी मला खाली ओढले.

ते दोघे एकमेकांशी बोलतच नव्हते.

"ताई, यांना सांगा, मी बोलत असताना हे पेपर वाचतात."

"ताई, यांना सांगा, पेपर मिटला की या बोलायच्या थांबतात."

एवढ्यात बाहेर मास्तर आले. त्यांच्या एका शिकाऊ बाईंची परीक्षा होती, त्या फाटकाशी घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या आणि गाडी आत होती. मास्तरांनी मला जोरात वर ओढले. मी गुडघ्याएवढे उचलले गेले, रबर दुमडले आणि मी अडकले. वरही जाईना, खालीही येईना.

आवाज ऐकून बाई गॅरेजच्या पुढच्या भागात धावल्या. मास्तर जमिनीवर आडवे होऊन फटीतून म्हणाले, "अगं, आतून ढकल ना जरा!"

बाईंनी गुडघे टेकले. "माझी माणसं आत आहेत! वेळ तरी बघून यायचं!"

"माझी परीक्षा आहे!"

"तुमची रोजच परीक्षा असते! वेगळा दरवाजा काढून घ्या म्हणत होता सुतार!"

"गॅरेजात ऑफिस मी काढलं का?"

"मग शटरात ट्यूब मी कोंबली का?"

आवाज चढत गेले. बाहेर खुर्चीत बसलेली आजी शिकाऊ बाईंना म्हणाली, "बसा निवांत. आता जुन्या छत्र्या निघतील."

खरोखरच छत्र्यांचा विषय निघाला.

आत ते जोडपे दारात उभे राहून सगळे पाहत होते. जांभळ्या पर्सवाल्या बाईंनी नवऱ्याला हळूच कोपराने ढोसले. "अहो, आपलं बरं आहे म्हणायचं."

"हो ना," गृहस्थ म्हणाले. "तू ते रबर ओढ. मी वर रेटतो."

पर्समधून केसांची पिन निघाली. पत्नीने त्या पिनेने एका खाचेतले रबर उपसले, मग दुसरीतले. गृहस्थांनी टाय खांद्यावर टाकला आणि मला खांदा लावला. मी एवढा प्रचंड आवाज करत वर गेले, की छत्र्यांचे भांडण तिथेच तुटले.

मग गृहस्थ बाईंना अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, राग ओसरल्यावर बोलावं, असं मघाशी तुम्हीच सांगत होतात."

बाईंचा चेहरा पडला. हे दोघे आता पुन्हा पायरी चढणार नाहीत आणि अडगळ परत येणार, अशी त्यांची खात्रीच झाली. पण पुढच्या आठवड्यात ते दोघे आले, येताना आणखी एक जोडपे घेऊन. नव्या जोडप्याला जांभळी पर्स सांगत होती, "बाई उगाच उपदेश करत नाहीत. घरी स्वतः भांडून सगळा अनुभव घेतलेला आहे."

वर्षअखेर आली, तेव्हा सामान परत आत आणण्याचा विषय मास्तरांनी काढलाच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे दार, पंखा किंवा माणूस सारखे करकरत असेल, तर त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. त्याला कुठेतरी दुखत असते. दोन थेंब तेल घाला आणि वेळेवर घाला, एवढीच माझी विनंती.

त्या गोंधळाच्या संध्याकाळी मास्तर मुकाट्याने तेलाचा डबा घेऊन स्टुलावर चढले होते. त्यांनी माझी एकेक पट्टी पुसली, खाचांत, स्प्रिंगांवर तेल सोडले, मला वरखाली करून पाहिले. बाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि थोडा वेळ बघत राहिल्या.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "थोडा आवाज राहू द्या."

"का गं?"

"तुम्ही घरी आलात, हे मला आत कळायला नको?"

मास्तरांनी डब्याचे झाकण लावले आणि ते चहा प्यायला खाली उतरले.