केंद्राला लागणारी शांतता

परीक्षेचं केंद्र मिळायचं तर शाळेत उजेड हवा, पाणी हवं, बाकं डुगडुगता कामा नयेत. एवढं मोठ्या बाईंनी जमवलं. चौथी गोष्ट शांतता. ती भिंतीपलीकडे होती, त्यांच्या धाकट्या दिराच्या हातात. दीर पत्र्याच्या पेट्या करायचा.

"भावजी, उद्या हातोड्याला हात लावायचा नाही."

"वहिनी, लग्न होऊन आलात तेव्हापासून मला गप्प करताय. आता माझ्या हातोड्यालाही?"

"साहेब तपासायला येतायत. केंद्र नाही मिळालं तर पोरींना परीक्षेला पुलापलीकडच्या शाळेत जावं लागेल. गेल्या वर्षी धाडल्या का बापांनी? निम्म्या घरी बसल्या, त्या बसल्याच."

दिरानं हातोडा कोपऱ्यात ठेवला. वर गोणपाट घातलं, त्यालाही झोप लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भिंतीला कान लावला, मान डोलावली आणि सराव म्हणून पोरींना प्रश्नपत्रिका वाटली. वर्गात अशी शांतता पसरली की माशीनंही परवानगी मागून बसावं. पोरी पेन धरून छताकडे बघत राहिल्या. एकीनंही अक्षर उमटवलं नाही.

साहेब पहिल्या बाकाशी थांबले. "काय गं, अभ्यास नाही केलास?"

"केलाय, सर. पण ठोका नाही ना."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर सावरला. हातोड्याच्या आवाजावर ओरडून घसा बसला, तेव्हा त्याच्याच ठोक्यावर शिकवायची युक्ती त्यांनीच काढली होती. 'तेरा पाचे', ठोका, 'पासष्ट', ठोका. कविता तशाच, सूत्रंही तशीच. पलीकडे ठोका पडे, अलीकडे पाढा चढे. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं.

"आवाज असेल तर केंद्र देता येत नाही," साहेब म्हणाले.

"आणि नसला तर?"

"तर देता येतं." साहेबांनी कोऱ्या कागदांवरून नजर फिरवली. "पण कशासाठी द्यायचं?"

बाई उठल्या. "साहेब, पर्यवेक्षकानं वर्गात फेऱ्या मारायच्या, असा नियम आहे ना?"

"आहे."

बाईंनी पायांत जाड टाचांच्या वहाणा सरकवल्या आणि बाकांमधून चालू लागल्या. टाक. टाक. खिडकीशी वळण, पुन्हा टाक. तिसऱ्या फेरीला पहिली पोर खाली वाकली. मग दुसरी. थोड्या वेळानं वर्गभर पेनांची खरखर सुरू झाली. साहेबांनी नियम पुन्हा आठवून पाहिला. चालण्याच्या आवाजाबद्दल त्यात काही नव्हतं.

"केंद्र देतो," ते म्हणाले. "मात्र खऱ्या परीक्षेला पर्यवेक्षक परक्या शाळेचा असतो, बाई."

"येऊ देत."

परीक्षेच्या आदल्या दिवशी परक्या शाळेचे मास्तर वर्ग बघायला आले. अंगानं भरदार, पायांत मऊ कापडी बूट. बाईंनी त्यांना उजेड दाखवला, पाणी पाजलं, बाकं हलवून दाखवली. मग नवऱ्याचे जाड टाचांचे जुने बूट त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या,

"आता जरा चालून दाखवा, मास्तर."