चित्र काढण्यास मंजुरी

"वास्तू ही शहराची काया आणि भित्तिचित्र हा तिचा आत्मा," असं वास्तुविशारदांनी उद्घाटनाच्या भाषणात ठासून सांगितलं होतं. या आत्म्याला ऐसपैस जागा मिळावी म्हणून त्यांनी नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीत एकही खिडकी ठेवली नाही. त्या भिंतीमागे जन्म-मृत्यू नोंदणीचे कारकून अडतीस वर्षं भर दुपारी दिवे लावून बसले.

आत्मा काढला होता चित्रकलेच्या मास्तरांनी. गवंडी, धोबी, सुईण, टपालवाला अशी सत्तावन्न माणसं. वास्तुविशारद केव्हाच गेले. आता रंगाचे पोपडे सुटत होते, टपालवाल्याला पाय उरले नव्हते आणि मास्तरांचा उजवा डोळा कामातून गेला होता. डावा वर्षभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यात सत्तावन्न माणसं पुन्हा उभी करायची, बाकी मास्तरांना काही नको होतं.

अर्ज त्यांनी स्वतः वळणदार अक्षरात लिहिला: 'दर्शनी भिंतीवरील चित्र खराब झाले आहे. तरी ते नव्याने काढण्यास परवानगी मिळावी.'

सात महिन्यांनी उत्तर आलं: 'विनंतीनुसार चित्र काढण्यास मंजुरी देण्यात येत आहे.'

मास्तरांनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं.

"बाबा, तिसऱ्यांदा वाचलं तर रद्द करतील," ती म्हणाली आणि तिनं कडक झालेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले.

सोमवारी ती त्यांना हाताला धरून घेऊन गेली. लांबूनच भिंतीपुढे बांबू दिसले.

"बघ, परांचीसुद्धा बांधून ठेवलीय," मास्तर म्हणाले. "अजून विचारतात म्हणायचं आपल्याला."

सुनेची पावलं मंदावली. तिचे दोन्ही डोळे शाबूत होते.

जवळ गेल्यावर पायाखाली काहीतरी करकरलं. मास्तरांनी वाकून उचललं. गिलाव्याचा तुकडा होता आणि त्यावर टपालवाल्याची पिशवी.

नोंदणीचा मोठा कारकून हात जोडूनच बाहेर आला. "मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? नोकरीला लागल्यापासून खिडकी मागतोय. दरवेळी एकच शेरा, चित्रकाराची हरकत येईल. आता तुम्हीच लिहून दिलंत, चित्र काढा."

"काढा म्हणजे रंगवा."

"असं होय." कारकुनानं आतून फाइल आणली आणि अर्जावर बोट फिरवलं. "नव्याने आहे खरं. आम्हाला वाटलं, नव्या पद्धतीनं. म्हणून मशीन लावलं."

"आता काही करता येईल का हो?" सुनेनं विचारलं.

"दुसरा अर्ज करा ना, वहिनी. फक्त शब्द जपून." मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. "पण भिंत कुठे उरलीय? सात खिडक्या बसतायत."

सुईण होती तिथल्या भगदाडातून ऊन थेट आतल्या टेबलांवर पडलं होतं. दोन कारकून डोळे किलकिले करून बाहेर बघत होते. मास्तर त्यांच्याकडे डाव्या डोळ्यानं बघत राहिले.

"मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय," मोठा कारकून म्हणाला. "तेवढं तरी ऊन मिळालं."

मास्तरांनी पिशवीचा तुकडा खिशात टाकला आणि सुनेचा हात शोधला. तेवढ्यात कारकुनाचं लक्ष तिच्या दुसऱ्या हातातल्या ब्रशांकडे गेलं.

"मास्तर, ब्रश आणलेच आहेत तर जिन्याखाली एक बाण तेवढा काढून द्या. पुरुषांचं शौचालय डावीकडे आहे, लोक चुकतात."