बोल्टाखालचा रंग

पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या गावचे बैल शिंगं रंगवायला महादेवरावांच्या अंगणात येत, आणि ते काम महादेवराव असं करीत की बैलालाही आपण नवरदेव झाल्यासारखं वाटावं. त्यांची एक पद्धत होती. शिंगाच्या टोकावरची पितळी शेंबी आधी काढायची, तिच्या खालीसुद्धा रंगाचे दोन हात द्यायचे आणि वाळल्यावर शेंबी परत बसवायची. शेंबीच्या कडेने उघडं शिंग दिसलं की त्यांना स्वतःचाच राग यायचा. आता घरचे बैल जाऊन तीन वर्षं झाली होती. गावात ट्रॅक्टर वाढले होते आणि महादेवरावांचे ब्रश माळ्यावर पडून होते.

ते ब्रश खाली उतरले सुनेच्या गाडीसाठी. मोहिनीच्या हातच्या सांबारवडीला, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीला, चव होती. बेसनाच्या पारीत ती कोथिंबीर अशी भरायची की तळताना एक पान बाहेर येत नसे. तिने हिंगणघाटहून पिकअपच्या मागे जोडता येईल अशी दोन चाकांची लोखंडी गाडी बनवून आणली होती. आत शेगडी, वर पत्र्याचं छत.

सहा महिने महादेवराव या गाडीच्या नावाने बोटं मोडत होते. घरची सून रस्त्यावर वड्या तळणार, हे दुःख त्यांनी जेवताना, चहा पिताना आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या साखरपुड्यातही बोलून दाखवलं. मोहिनीने उलट उत्तर दिलं नाही आणि गाडीचं काम थांबवलंही नाही. मग एका रविवारी तिने चाखायला म्हणून पहिला घाणा त्यांच्यापुढे ठेवला. महादेवरावांनी सात वड्या खाल्ल्या, आपलं चुकलं असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवी मागितली. तो शब्द काही त्यांच्याच्याने निघेना. म्हणून त्यांनी दोन दिवस बसून गाडी रंगवली. अंग गुलाबी, काठ हिरवे आणि चाकांचे नट एकेक काढून पिवळे केलेले.

आज गाडीची पहिली खेप होती. वर्ध्याजवळच्या सावंगीला कॉलेजच्या पोरापोरींचा मेळावा होता. पाचच्या आत गाडी जागेवर लागली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि एक पाणीपुरीवाला तिच्यावर टपून बसलाच होता. दुपारी दोनला महादेवरावांचा पुतण्या गजेंद्र पिकअप घेऊन आला. त्याने गाडी जोडली, लाइटचा प्लग बसवला आणि ब्रेक दाबला. मागचे लाल लाइट कसेबसे मिणमिणले. डावा इंडिकेटर दिला, तर डाव्याउजव्यासकट सगळे लाइट मिळून लुकलुकायला लागले. उजवा दिला तरी तीच तऱ्हा.

गजेंद्रने हात वर केले. परत येताना अंधार होणार, रस्ता ट्रकांचा, आणि मागच्याच वर्षी तो बिनलाइटच्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचला होता. लाइट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं त्याने मोठेबाबांना, म्हणजे महादेवरावांना, स्वच्छ सांगितलं.

महादेवरावांनी दहा मिनिटांत तीन गुन्हेगार पकडले. आधी उंदरांनी वायर खाल्ली, मग गजेंद्रची पिकअपच भंगार निघाली आणि शेवटी वेल्डिंगवाल्याने फसवलं. मोहिनीने फोन करून जवळच्या सिंदीच्या धम्मदीपला बोलावलं आणि सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. महादेवराव मनातच हिशोब करू लागले. सहा महिने विरोध केला कोणी, दोन दिवस गाडीजवळ एकटं बसलं कोण, आणि गाडी अडली नेमकी आज. तिच्या मनात भलतंच आलं असेल तर तिला तरी दोष कसा द्यायचा?

धम्मदीप गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. आल्या आल्या त्याने कोणाचंच ऐकून घेतलं नाही, नुसता ब्रेक दाबायला लावला आणि मागे उभा राहून बघितलं. टेस्ट लॅम्प लावून पिकअपचा प्लग तपासला. सगळ्या पिना बरोबर होत्या. गजेंद्रची पिकअप सुटली. मग त्याने गाडीखाली आडवं होऊन वायर बोटांनी चाचपली. कुठे दात लागलेला नव्हता, तेव्हा उंदीरही सुटले. शेवटी त्याने बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर काढून मागच्या लाइटांना लावली, आणि गजेंद्रने ब्रेक दाबताच दोन्ही लाइट लख्ख पेटले.

"अर्थिंग नाई भेटून राह्यलं," धम्मदीप म्हणाला. "करंट जाते बराबर, पण वापस याले त्याले रस्ता नाई. मंग तो दुसऱ्या बल्बातून वाट काढते."

त्याने समजावून सांगितलं की अर्थिंगची वायर गाडीच्या लोखंडाला कुठेतरी बोल्टने कसलेली असते. तिथे लोखंडाला लोखंड टेकायला हवं. ती जागा बहुतेक पत्र्याच्या आत असावी, पत्रा उघडायला तासभर लागेल. तीन वाजत आले होते आणि सावंगीला पोचायला सव्वा तास लागायचा. मोहिनीने वड्यांचे डबे खाली उतरवायला घेतले.

महादेवरावांना जागा माहीत होती. पुढच्या दांड्याच्या बुडाशी एक बोल्ट होता, त्यात एक पांढरी वायर अडकवलेली, आता तीही रंगाने गुलाबी झालेली. शेंबी काढावी तसा त्यांनी तो काढला होता, खाली जाडजूड दोन हात दिले होते आणि वाळल्यावर परत कसला होता. गप्प बसले असते तर धम्मदीपला तासाभराने ती जागा सापडली असतीच. पण तो तास मोहिनीचा होता.

"थांब," ते म्हणाले. दांड्याजवळ वाकून त्यांनी बोट ठेवलं. "पत्रा नको खोलू. हा बोल्ट पाह्य. याच्याखाली रंग म्या देल्ला." मग सुनेकडे न बघताच म्हणाले, "पण मुद्दाम नाई केलं, पोरी."

मोहिनीने हातातला डबा खाली ठेवला.

"मले मालूम नाई काय, मामाजी? ज्याले गाडी बिघडवाची हाय, तो चाकाचे नट एकेक काढून पिवळे करत नाई बसत."

महादेवरावांनी धम्मदीपच्या हातून पॉलिश पेपर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा रंग स्वतः खरवडला. रुपयाएवढं लोखंड चकाकलं. धम्मदीपने बोल्ट कसला, गजेंद्रने ब्रेक दाबला, मागे लालभडक उजेड पडला. डावा इंडिकेटर डावीकडेच लुकलुकला. बोल्टाच्या कडेने उघडं लोखंड दिसत होतं, म्हणून महादेवरावांचा हात सवयीने ब्रशाकडे गेला. धम्मदीपने ब्रश उचलून आपल्या पिशवीत टाकला आणि गंज धरू नये म्हणून तिथे बोटभर ग्रीस फासलं.

सव्वातीनला पिकअप निघाली. मोहिनीने मामाजींनाही सोबत घेतलं. ते खिडकीशी बसले आणि दर वळणाला मान बाहेर काढून इंडिकेटर बघत राहिले. वर्धा जवळ आल्यावर त्यांनी मान आत घेतली.

"माहं चुकलंच," ते म्हणाले.

"झालं न आता ते रंगाचं."

"रंगाचं नाई म्हणत. सहा महिने बोललो, ते."

मोहिनीने मांडीवरचा डबा उघडला आणि एक वडी त्यांच्यापुढे धरली.

"आज सातच भेटतीन," ती म्हणाली. "बाकीच्या विकाच्या हायेत."