माझ्या पुढच्या चाकाचे छर्रे

मित्रांनो, मी रत्नागिरीच्या मांडवीतली एक जुनी मोपेड आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. शेजारच्या फाटकात कुणाची नवी गाडी येऊन उभी राहिली की मला दिवसभर करमत नाही. त्यामुळे पुढे कुणाविषयी मी वाकडं बोलले, तर त्यातलं थोडं सोडून द्या.

मी आले तेव्हा माझा रंग जांभ्या दगडासारखा तांबडा होता. माझे मालक धोंडू मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत. सकाळी मी त्यांना कामावर सोडायची आणि संध्याकाळी त्यांची बायको मालन माझ्या मागच्या सीटवर बसायची. तिच्या मांडीवर आमसुलांची पिशवी असायची, ती घरोघर पोचवायला आम्ही तिघं निघायचो. चढाला धोंडू पायडल मारून मला हात द्यायचे. लोक म्हणायचे, "एवढीशी गाडी, पण दोघांना घेऊन कशी चढते बघा!" ते ऐकून मी आणखी जोरात फटफटायची.

वर्षभर मी खंडेनवमीची वाट बघायची. तुम्हाला वाटेल झेंडूच्या हारासाठी. हार तर सगळ्याच गाड्यांना मिळतो. माझा खरा सण त्याच्या आधी, अंगणात व्हायचा. चाकाच्या मधोमध, जिथून आस जातो, तिथे दोन्ही बाजूंना वाटीसारखी जागा असते. त्या वाटीत ग्रीसमध्ये बसवलेल्या पोलादी गोळ्या असतात. त्यांना छर्रे म्हणतात. चाक फिरतं ते त्यांच्याच जिवावर. धोंडू माझी चाकं काढायचे, छर्रे जुन्या ताटलीत घ्यायचे, डिझेलमध्ये धुवायचे, फडक्याने एकेक पुसायचे आणि ताजं ग्रीस भरून परत बसवायचे. वरून कोन, म्हणजे छर्रे जागेवर दाबून धरणारी चाकी, आवळायचा. तो जास्त आवळला तर चाक अडकतं आणि सैल राहिला तर डुगडुगतं. हे जमलं की नाही ते हाताला कळतं, पण त्याहून जास्त कानाला कळतं.

आणि धोंडूंचे कान तर कारखान्यातल्या यंत्रांनी कधीच अधू केले होते. मग मालन स्वयंपाकघरातून करवंटीचा डाव घेऊन यायची. त्याच्या लाकडी दांड्याचं टोक ती चाक धरणाऱ्या माझ्या पुढच्या चिमट्याला, आसाच्या अगदी जवळ टेकवायची, करवंटी कानाला लावायची आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायची.

"अवो, खरखरतंय अजून."

"आवळू?"

"आवळू नका वो, सैल करा वाईच."

धोंडू पाना फिरवायचे. मालन पुन्हा डोळे मिटून ऐकायची.

"आता बरा. आता कायच ऐकाय येत नाय."

"म्हणजे माझ्यासारखाच झाला म्हण!" असं म्हणून धोंडू हसायचे. दोन माणसं एका चाकापाशी इतका वेळ बसतात, असं भाग्य मी दुसऱ्या कुठल्या गाडीचं पाहिलं नाही.

पुढे धोंडूंना मागून आलेल्या ट्रकचा भोंगाही ऐकू येईना. एकदा थोडक्यात वाचलो, आणि त्यांनी मला रस्त्यावर काढायचं बंद केलं. पाठोपाठ साखरेच्या आजाराने मालनचा एक पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मला वाटलं, आता ती पडवीत बसेल, मीही पडवीत आहे, दोघी मिळून दिवस काढू. तेवढ्यात घरात सवत आली.

ती होती हाताने चालवायची तीनचाकी सायकल. ना इंजिन, ना टाकी, ना दिवा! समोरचा दांडा हातांनी फिरवला की साखळीने पुढचं चाक फिरतं, एवढीच तिची करामत. पण मालन तिच्यावर बसली आणि कुणाच्याही आधाराशिवाय फाटकाबाहेर गेली. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या सीटवरून उतरताना तो तसा कधीच नव्हता. ते मला फार झोंबलं.

त्यानंतर सगळी माया तिकडे गेली. किनाऱ्यावरची रेती आणि खारा वारा तिला लागू नये म्हणून धोंडू रोज पाइप लावून तिला धुवायचे. आंघोळ काय, पुसणं काय! माझ्या अंगावर मात्र कोंबड्या बसायच्या. खंडेनवमीला हार आधी तिला, आणि उरलेली दोन फुलं माझ्या हँडलला. माझी चाकं कुणी उघडली नाहीत. करवंटीचा डाव आता तिच्या चाकाला लागायचा. मी जळले, मित्रांनो. अगदी मनापासून जळले.

यंदाच्या शिमग्यात मालनने ठरवलं की पालखीच्या दर्शनाला सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यापर्यंत, आपण जायचं. पाय गेल्यापासून ती गेली नव्हती. शेजारचा शुभंकर आणि त्याचे मित्र आदल्या दिवशी म्हणाले, "काकू, आम्ही खुर्चीसकट उचलून नेतो तुम्हाला."

"उचलायची ती पालखी उचला रे," मालन म्हणाली. "मी माझी येतंय."

सणाच्या दिवशी सकाळी धोंडूंनी सायकल नेहमीपेक्षा जास्तच जोरात धुतली. मालन नवी साडी नेसून बसली, दांडा फिरवला, आणि पुढचं चाक कर्रकन वाजून अडकलं. ती उतरून पायरीवर बसली आणि धोंडूंनी ते उघडलं. रोजचं पाणी आत जाऊन ग्रीसचं ताक झालं होतं. छर्रे गंजले होते, काहींचे तर तुकडे पडले होते. ज्या आंघोळीचा मी इतका हेवा केला, तिनेच हे केलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"दुकानातना आणा की," मालन त्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणाली.

"शिमग्याच्या दिवशी दुकान कोण उघडतो, गो?"

लांबून ढोल ऐकू येऊ लागले होते. मालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला असं बसलेलं पाहून माझा आनंद कुठल्या कुठे गेला. मग धोंडूंची नजर माझ्यावर आली.

त्यांनी मला पडवीतून ओढून अंगणात घेतलं. मालन पायरीवरून सरकत माझ्याजवळ आली. डावाचा दांडा माझ्या चिमट्याला लागला, चाक फिरलं. किती काळाने! "अवो, हिच्यात कायच आवाज नाय," ती म्हणाली. "सगळा साबूत हाय." पडवीत उभी केल्यापासून मला कुणी धुतलं नव्हतं, म्हणून पाण्याचा थेंबही आत शिरला नव्हता. माझे छर्रे ताटलीत पडले ते लख्ख. धोंडू त्यांना डिझेलमध्ये धुवू लागले आणि मला वाटलं, आली शेवटी माझी पाळी!

मग त्यांनी माझा एक छर्रा सायकलीच्या छऱ्याशेजारी धरून पाहिला. माप एकच होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओरडता आलं असतं तर अख्खी मांडवी गोळा केली असती.

"आणि ही?" मालनने विचारलं.

"ही आता कुठं जायची हाय?" धोंडू म्हणाले.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण इतकं लागेल असं मला कुणीच कधी बोललं नव्हतं. मालनने माझ्या सीटवर हात ठेवला. म्हणाली, "दुकानं उघडली की नवे आणा, नि हिला घाला."

माझे छर्रे सवतीच्या चाकात बसले. मालनने कान लावून होकार दिला आणि ती निघाली. उतारावर तिच्या पुढच्या चाकाचा आवाज म्हणून आला नाही. तास-दोन तासांनी ती परतली ती गुलालाने माखून, आणि फाटकातूनच धोंडूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडली, "पाण्यासारखा चालला चाक! सगळ्यांच्या म्होरं होते मी!"

नवे छर्रे नंतर आले. पुडी कोनाड्यात आहे, माझं चाक खुंटीला आहे, आणि धोंडूंना सवड मिळालेली नाही. माझ्या रिकाम्या वाटीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं आहे. मालन रोज संध्याकाळी आमसुलांची पिशवी घेऊन किनाऱ्यावर जाते. आता मला सायकलीचा हेवा वाटत नाही, माझ्याच छऱ्यांचा वाटतो. ते तिच्याबरोबर जातात आणि मी इथे उभी असते.

पण तुम्ही विचाराल, ते परत हवेत का? नकोत. तिचं चाक फिरू दे. तुम्हाला एवढंच सांगते, तुमच्या घरातल्या चाकांना नुसतं वरून चकाचक करू नका, वर्षातून एकदा उघडून आत बघा. आणि मांडवीच्या रस्त्यावर हाताने सायकल चालवणारी, आमसुलांची पिशवी घेतलेली बाई दिसली, पुढच्या चाकातून बारीकशी खरखर ऐकू आली, तर तिला थांबवून तेवढं ग्रीसचं सांगा. ते छर्रे माझे आहेत.