बाटलीवर कुणाचं नाव

आमच्या बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "जिच्यात गोडवा नाही, त्या वाइनवर माझं नाव लागणार नाही, इल्का," असं त्यांनी नाताळातच बजावलं होतं. दर डिसेंबरात ते पिंपं गार करून आंबणं थांबवायचे, थोडी साखर मागे ठेवायचे. यंदा मी थांबवलंच नाही. मोठं पिंप मे महिन्यापर्यंत बुडबुडत राहिलं आणि आमची रिस्लिंग वाइन पार कोरडी झाली, गोडव्याचा अंशही उरला नाही. न विचारता केलं, हो! विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

सप्टेंबरात बाटली घेऊन मी त्यांना आमच्या द्राक्षमळ्याच्या माथ्यावर न्यायला निघाले. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं ते वर आलेच नव्हते. चढण भिंतीसारखी उभी, म्हणून द्राक्षं उतरवायच्या रुळगाडीत बसवलं.

"मी काय खताचं पोतं आहे?"

"पोतं निदान गप्प बसतं, बाबा."

वर पोचलो आणि ते खरंच गप्प झाले. पायाखाली पाटीचा दगड तापलेला, खाली मोझेल नदी गावाला वळसा घालून लखलखत होती. त्यांनी टोपी काढली. मी दोन पेल्यांत वाइन ओतली.

पहिला घोट घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. आधी कच्च्या पीचचा आंबटपणा, मग ओल्या दगडाचा वास, शेवटी जिभेवर मीठ. ते मीठ जाईचना. आई गं! हे आमच्या मळ्यातलं?

बाबांनीही एक घोट घेतला. मग वाकून त्यांनी दगडाची एक कपची उचलली आणि चक्क चाटली. पुन्हा एक घोट घेतला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"माझं नाव नकोच," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अजून? कमाल आहे तुमची! डोळ्यांत पाणी आणि तोंडात नन्नाचा पाढा!"

"ओरडू नकोस, कार्टे. साठ वर्षं साखर मागे ठेवून मी हा दगड झाकत आलो. त्याची चव मला आज कळतेय, ब्याऐंशीव्या वर्षी. जे माझ्या हातून झालंच नाही, त्यावर माझं नाव कसं लावू? तुझं लाव."