पाहुणा वीर

चांदीचे बूट. तांदळाच्या दाण्याएवढे.

विहारात न्यायला विमलाबाईंना पांढरीच फुलं लागतात. खंडेरावांकडे निशिगंध नसला तर त्या तशाच मागे फिरतात, झेंडू घेत नाहीत.

रंगूनजवळ एक स्मारक आहे. त्याच्या खांबांवर इंग्रजीत हजारो नावं कोरलेली. फोनवरचा फोटो बोटांनी मोठा करत गेलं की एका ओळीत दिसतं: सोमा.

चिंचेने चांदी उजळते.

"घोडा कसला काढू? उभा का उधळलेला?" सिन्नरच्या सोनाराने विचारलं. भागुबाई म्हणाली, "माझ्या लेकाला घोडा नव्हता."

नदीची एक पायरी. पाणी तिच्यावर येतं, मागे जातं.

*

विमलाबाईंचा मोतीबिंदू काढला तेव्हा हे सगळं सुरू झालं. हिरवी पट्टी सुटली, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले, समोर उभ्या असलेल्या लेकीच्या केसांतला पांढरा पट्टाही दिसला. छाया महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे बोलण्यात शिक्षिकेचा सूर येतोच. तिने विचारलं, "आता नीट दिसतंय ना? मग सांग, काय बघायचं पहिल्यांदा?" तिच्या मनात पांडवलेणी होती. रिक्षाने पायथ्यापर्यंत जायचं, जमेल तेवढ्या पायऱ्या चढायच्या.

विमलाबाई म्हणाल्या, "माझा बाप."

म्हातारीने चेष्टा केली असं वाटून छाया हसली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन हातात घेतला.

बाप लढाईवर गेला तेव्हा विमलाबाई पोटात होत्या. तो मेला तेव्हा त्या रांगत होत्या. आई तापाने गेली, मग आजीने, भागुबाईने, वाढवलं. 'बा' ही हाक त्यांनी जन्मात कुणाला मारली नाही. दुसऱ्यांच्या घरांतून ती ऐकू यायची तेव्हा त्या उगाच मागे वळून बघायच्या. लहानपणची ही सवय ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या तरी पुरती गेलेली नव्हती.

*

छायाने शोध घ्यायचा तेवढा घेतला. रंगूनच्या खांबावरचं नाव तिला फोनवरच सापडलं. नावापुढे सोमाच्या बापाचं नाव होतं, गाव होतं, जिल्हा नाशिक होता. चेहरा नव्हता. माजी सैनिकांच्या कचेरीतल्या माणसाने दोघींना बसवलं, चहा पाजला आणि इंग्रजांच्या काळातल्या पलटणींचं इथे काही नाही, असं सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता.

मग दोघी सिन्नरकडच्या त्या गावी गेल्या. भागुबाईचं घर जिथे होतं तिथे कुणाच्या तरी पोल्ट्रीचं शेड उभं होतं. गावात सोमाचं नाव ऐकून माहीत असलेला एकच म्हातारा उरला होता. त्याने सांगितलं, सोमा लढायला गेला असं सगळे म्हणत. पण त्याच्या तुकडीकडे जंगलात रस्ते करायचं काम होतं. खणता खणताच वरून बॉम्ब पडले. फोटोचं विचारलं तर म्हातारा म्हणाला, फोटो काढायला तेव्हा सिन्नरला जावं लागे, आणि सिन्नरला जाऊन फोटो काढावा असं गरिबाच्या पोराच्या बाबतीत काय घडायचं?

परतीच्या एसटीत छाया खिडकीबाहेर बघत होती. संपलं, एवढंच म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात विमलाबाई बोलल्या.

"फोटो नव्हता. टाक होता."

छायाला टाक माहीत नव्हता. घरात देव्हाराच नाही, तर टाक कुठून माहीत असणार? विमलाबाईंनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून माप दाखवलं. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेलं चित्र. लोक देवांचे करतात, आणि घरातलं कुणी लढाईत गेलं असेल तर त्याचाही करतात. त्याला वीर म्हणतात. वीर बहुतेक घोड्यावर असतो, हातात तलवार असते. भागुबाईने घोडा नको म्हटलं, तलवार नको म्हटलं. पायांत बूट काढ म्हणाली. सोनार कुरकुरला. एवढ्याशा पत्र्यावर बूट कसे दिसणार? ती उठली नाही. बूट उठेपर्यंत त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

"मग आहे कुठे तो?" छायाने विचारलं.

"सोडला."

*

छप्पन्न साल सरलं, तेव्हाची गोष्ट. वस्तीने धम्म घेतला होता. घराघरांतून देव निघाले होते. भागुबाईने खंडोबा, मरीआई, म्हसोबा टोपलीत भरले आणि नातीला घेऊन तपोवनाच्या खालच्या अंगाला नदीवर आली. तोवर त्या नाशिकला राहायला आल्या होत्या. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि टोपली ओतून मोकळी झाली. रडली नाही. त्या देवांनी मला काय दिलं, असं मोठ्याने म्हणालीसुद्धा.

सोमा टोपलीत नव्हता. तो तिच्या मुठीत होता.

मूठ उघडायला तिला वेळ लागला. बाकीच्यांना तिने खोल पाण्यात सोडलं. सोमाला पायरीवर ठेवलं, चित्राची बाजू वर करून. पाणी येऊन त्याला भिजवत होतं, नेत नव्हतं. विमलाने विचारलं, ह्याला का? हा तर देव नाही. आजीने पदराने हात पुसले, म्हणाली, "घरी ठेवला तर मी त्याच्या पाया पडंल." आणि मागे न बघता चालायला लागली.

मागे बघितलं ते विमलाने.

*

फाल्गुनी पौर्णिमेच्या सकाळी विमलाबाई नेहमीप्रमाणे गणेशवाडीच्या फुलबाजारात गेल्या. खंडेराव मखमलाबादकडचे माळी, घरच्या मळ्यातली फुलं आणतात. कितीतरी वर्षांची ओळख. एकमेकांच्या घरी मात्र कधी जाणं झालं नव्हतं. निशिगंधाच्या दांड्या कागदात गुंडाळत ते म्हणाले, ताई, उद्याचं काही लागत असंल तर आजच न्या, उद्या दुकान बंद.

या वयात धुळवड खेळता का, असं विमलाबाईंनी विचारलं.

"कशाची धुळवड? गुडघे वाजत्यात. पण पाहुण्याला घाटावर न्यायला लागतंय ना."

धुळवडीला नाशकात घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालून परत आणतात. हे विमलाबाईंना ठाऊक होतं. गंगेवर, म्हणजे गोदेवर, गुलाल आणि ढोल असले की त्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. पण पाहुणा कसला?

"वीरच हो. पण आमच्या घरचा नाय, आईला घावलेला. नाव ठावं नाय, म्हणून पाहुणा म्हणतो. लय येगळा हाय. घोडा नाय, काय नाय. बूट घातल्यात."

विमलाबाई शेजारच्या उपड्या क्रेटवर बसल्या.

खंडेराव पाणी आणायला धावले. उन्हाने झालं असेल असं त्यांना वाटलं. दोन घोट घेऊन विमलाबाईंनी विचारलं, कुठे सापडला होता? तपोवनाच्या खाली, खंडेराव म्हणाले. आई अंबूबाई तिथे मेथी, शेपू धुवायला जायची. पायरीवर होता म्हणे, कुणी निजवून ठेवल्यासारखा. ज्याचं कुणी नाही तो आपल्या दारी आला, असं म्हणून तिने ओच्यात बांधून आणला.

त्या दिवशी निशिगंध विहारात पोचला. विमलाबाईंचं मन कुठे होतं, ते विचारू नये.

रात्री छाया म्हणाली, मागून आणू. आपला आहे. शोकेसमध्ये ठेवू, पूजा नाही करायची, नुसता ठेवायचा. विमलाबाई हो म्हणाल्या. खूप दिवसांनी त्यांना भूक लागली.

*

घाटावर गुलाल, ढोल, पाण्यात उतरलेली माणसं. खंडेराव फेटा बांधून, लाल फडक्यात नारळ, वाटीत वीर घेऊन उभे होते. मागे सून प्रतिभा ओवाळणीचं ताट घेऊन. छायाने सगळं सांगितलं. भागुबाई, सिन्नरचा सोनार, बूट, पायरी. आडनाव सांगितलं, वस्ती सांगितली. जात वेगळी सांगावी लागली नाही.

खंडेरावांनी वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. विमलाबाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. हे हात आता वाटी खाली ठेवतात की काय, एवढंच त्यांना बघायचं होतं. देव्हाऱ्यात, यांच्या कुळदेवाच्या शेजारी, सत्तरएक वर्षं आपला बाप होता.

बोलली ती प्रतिभा. "आजेसासूबाई सांगायच्या, सणाला पहिलं ताट पाहुण्याचं. आता एवढी वर्षं आमच्या हातचं जेवल्यावर तो कुणाचा, हे काय काढायचं?"

खंडेराव खाकरले. "नेता का, ताई?" असं म्हणाले, आणि वाटी पुढे केली. बोटं मात्र सुटली नव्हती.

विमलाबाईंनी टाक उचलला. नव्या डोळ्यांजवळ आणला. बूट होते, अगदी आजीने सोनाराकडून काढून घेतले तसे. हातात काहीतरी होतं, बंदूक किंवा फावडं. वर मानेपर्यंत सगळं होतं. चेहऱ्याच्या जागी चांदी गुळगुळीत होती.

"डोळे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

खंडेराव ओशाळले. आई दर वर्षी चिंच लावून घासायची, म्हणाले. तोंड उजळलं पाहिजे म्हणायची. तिच्यामागं मीबी तेच केलं.

ढोलवाले थांबून बघत होते. छायाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, म्हातारी आता खचणार. विमलाबाई पायऱ्या उतरायला लागल्या.

"आई, आपण हे करत नाही," छाया हळूच म्हणाली.

"देवाचं करत नाही. बापाला आंघोळ घालू नये असं कुठं म्हटलंय?"

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. चिंच लावली नाही, घासलं नाही. नुसतं पाणी घातलं, पदराने टिपलं, आधी पाय मग वरचं. ओठ हलले. एकच अक्षर होतं, ते घाटावरच्या बाकीच्या ढोलांत कुणाला ऐकू गेलं नाही. मग टाक खंडेरावांच्या वाटीत ठेवला.

छाया काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "माझ्याकडं शोकेसमध्ये बसंल. यांच्याकडं वर्षातून एकदा हिंडतो तरी."

खंडेरावांनी वाटी कपाळाला लावली. आता याला तोंडाला चिंच लावायची नाही, असं त्यांनी प्रतिभेला दोनदा बजावलं. परत निघताना वीराला हाक मारून न्यायचं असतं. इतकी वर्षं ते 'पाहुण्या, चल रे घरी' म्हणत. त्यांनी मागे वळून विमलाबाईंना नाव पुन्हा विचारलं.

"सोमा," त्या म्हणाल्या.

"सोमा, चल रे घरी," खंडेराव ओरडले आणि वाजणाऱ्या गुडघ्यांनी नाचत चढण चढायला लागले. ढोल पुलाखालून पलीकडे जाईपर्यंत विमलाबाई पायरीवर उभ्या होत्या. गर्दीत कुणी आपल्या बापाला हाक मारली की त्या वळून बघत होत्या.

*

बेचाळीसच्या उन्हाळ्यात देवळाली स्टेशनवर भागुबाईने मुलाला शेवटचं पाहिलं, तेव्हा सोमा अनवाणी होता.