सालाची तुतारी

मित्रांनो, मी एक जुनी तुतारी आहे. नाव ऐकून फुंकायला जाऊ नका, ओठ फाटेल. आमच्या बालाघाटकडे बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हणतात. मी अंगानं बांबूची, आणि टोकाला लोखंडाची आर, म्हणजे अणकुचीदार खिळा. टोचणं हा माझा धंदा, आणि स्वभावही तोच. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. सध्या मात्र गोठ्याच्या आढ्यात खोचलेली आहे आणि खाली अंगणात ट्रॅक्टर उभा असतो. त्याला टोचून काही उपयोग नाही, म्हणून तुम्हाला टोचते.

लांजीच्या रस्त्यावरच्या एका गावात शालिकराम पटेलांची मोठी शेती. त्यांच्याकडे सुखराम नावाचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेला गडी. त्यानंच मला जंगलातून तोडून आणलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि तेल पाजलं. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, चिखलणी असो की लांजीच्या बाजाराला गाडी न्यायची असो, मी आपली त्याच्या मुठीत. त्याच्या हाताच्या घट्ट्यांत मी अगदी चपखल बसायचे. दुसऱ्या कोणी धरलं तर मला परक्या घरी आल्यासारखं व्हायचं.

सालदाराचं वर्ष गुढीपाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं. पटेलांच्या घरची रीत अशी, की आदल्या संध्याकाळी गड्यानं मला ओसरीच्या खांबाला टेकवून घरी जायचं. सकाळी गुढी उभारली की मालकाच्या पंगतीला जेवायचं. जेवून हात धुतल्यावर तुतारी उचलली, की पुढचं साल बांधलं गेलं. राहतोस का, असं पटेल कधी विचारत नसत, आणि राहतो असं सुखरामही म्हणत नसे. सगळी बोली माझ्या अंगावर! मी तर तोऱ्यात असायचे.

पण एका साली सुखरामचं मन उडालं. रोज कोंबडं आरवायच्या आत तो पटेलांकडे यायचा आणि घरी परतेपर्यंत त्याची लेक आनंदी झोपी गेलेली असायची. एकदा तापानं फणफणला म्हणून भर दुपारी घरी गेला, तर ती चार वर्षांची पोर आईच्या पदराआड लपली आणि म्हणाली, "माय, हा कोन होय?" दुसऱ्या दिवशी नांगर थांबवून त्यानं हे बैलांना सांगितलं. सांगायला दुसरं होतं तरी कोण? मी हातात होते, म्हणून मीही ऐकलं.

त्याच्या बायकोचा, अंजनाचा, भाऊ पुनाराम भरवेलीच्या खाणीत कामाला होता. होळीला आला तेव्हा तो बांधावर येऊन बसला.

"भाऊजी, भरवेलीले चला. घाम तिथंबी गाळाच लागते. पन भोंगा वाजला का काम बंद. मंग दिवस आपला."

"आन नाही जमलं तं?"

"नाही जमलं तं नाही जमलं. जाऊन तं पाहा!"

त्या दिवसापासून सुखरामची मूठ बिघडली. मला घट्ट आवळायचा, मध्येच ढिली सोडायचा, उगाच जमिनीवर रेघा ओढत बसायचा. त्यानं जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. माझ्या जिवाला घोर लागला.

पाडवा आला. सुखराम जेवला, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता पायरी उतरला. तेवढ्यात ढवळ्या बैलानं दावं तोडलं आणि तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे धूम ठोकली. सुखराम गर्रकन वळला, मला उचललं आणि त्याच्या मागे धावला. बैल बांधून परत आला, तर पटेल नव्या सालाचं नवं धोतर घेऊन ओसरीवर हसत उभे. सुखरामनं हातातल्या माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी मात्र मनातल्या मनात नाचले.

फाटकाशी अंजना भरवेलीला निघायचं बोचकं डोक्यावर घेऊन उभी होती.

"काहून उचलली तुमी?"

"म्या नाही वं उचलली. हातानं उचलली."

ती बोचकं घेऊन आल्या वाटेनं घरी गेली. रीत म्हणजे रीत. एक अख्खं साल गेलं. त्या सालात सुखरामनं कामात कसूर केली नाही, पण भरवेलीच्या दिशेनं भोंग्यासारखा एखादा आवाज आला की थांबून कान द्यायचा. आनंदी पाच वर्षांची झाली आणि बाप अजून पाहुणाच होता.

पुढच्या पाडव्याला अंजना अंगणात आली, लेकीला कडेवर घेऊन. सुखरामचे हात धुऊन होतात न होतात, तोच तिनं पोर त्याच्याकडे दिली.

"दोन्ही हातानं धरा. सोडू नका."

पोर अंग चोरून, ताठ बसली. इतक्यात गोठ्याकडून ओरडा झाला, "ढवळा सुटला!" सुटला की कोणी सोडला, कोण जाणे. सुखरामचा उजवा हात हललाच. मला वाटलं, आता उचलणार. पण हात लेकीच्या पाठीखाली होता आणि तो तिथंच राहिला. सुखराम नुसता बोलला, "ढवळ्या... उभा राय, बापा." आणि बैल उभा राहिला! मित्रांनो, तोवर माझी समजूत होती की बैल माझ्या आरेला भितात म्हणून ऐकतात.

पटेल म्हणाले, "सुखराम, तुई तुतारी राह्यली."

"हौ पटेल. हात रिकामा नाही माहा."

तो निघाला. फाटकाजवळ आनंदीनं त्याच्या मानेला मिठी घातली. मला फार वाईट वाटलं, आणि त्या मिठीकडे पाहून बरंही वाटलं.

भरवेलीत त्याचं सगळं सोनं झालं असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मँगनीजच्या काळ्या धुळीनं खोकून बेजार झाला, म्हणतात. परत यावं असंही त्याच्या मनात आलं होतं. पण आला नाही.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मलाही पुसा, तेल लावा, माझी ना नाही. फक्त नव्या वर्षाच्या सकाळी माझ्यासमोर रिकाम्या हातानं येऊ नका, कारण रिकामा हात सवयीनं जुनी काठीच उचलतो. तुमची जी काही आशा असेल, ती आधी दोन्ही हातांनी उचलून घ्या. ती अंग चोरेल, जड लागेल, तरी धरा. मी खांबाला टेकून वाट पाहीन. पाहू द्या मला.